साईड ए, साईड बी

मेसमधून येताना कुठल्याही रूमवरून जा, नव्वदच्या दशकातलं एखादं गाणं हमखास ऐकू येतं. लावणारा जन्मला २००५ साली आणि उसासे टाकतो, "काय दिवस होते यार ते!" अरे बाबा, तू तेव्हा होतास कुठे?

पण हसण्यावारी नेऊ नका, कारण या आजाराला शास्त्रीय नाव आहे. १६८८ मध्ये बासेल इथे योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द पहिल्यांदा वापरला. घरापासून लांब गेलेले स्विस लोक झुरत होते, त्याला तो रोग म्हणाला. म्हणजे आपल्या भाषेत, फर्स्ट इयरला पहिल्या महिन्यात सगळ्या होस्टेलला होतो तोच. पुढे अर्थ बदलला आणि गावाच्या ओढीऐवजी गेलेल्या काळाची ओढ असा झाला. मानसशास्त्रवाले असंही सांगतात की माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत जास्त आणि ठळक राहतात. त्यामुळे प्रत्येक पिढीला आपल्याच तारुण्यातली गाणी श्रेष्ठ वाटतात. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. (आमच्या विंगमध्ये तरीही रोज घालतात.)

मला सांगायचं आहे ते वेगळं. गाण्याचा काळ ओळखायचा तर गायकाआधी यंत्र बघा. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, म्हणून जुनी गाणी तेवढीच. पुढे कॅसेट आली आणि हिशोबच बदलला. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. तिच्यामागचा इंजिनिअर लू ओटेन्स. त्याने आधी कोटाच्या खिशात बसेल एवढा लाकडी ठोकळा करून घेतला आणि यंत्र त्या मापात बसवायचं ठरवलं. स्पेसिफिकेशन आधी, डिझाइन नंतर! हा गृहस्थ २०२१ मध्ये गेला.

आपल्याकडे कॅसेटने खरी धमाल केली ती ऐंशीच्या दशकात. तबकडी दाबायला कारखाना लागतो, कॅसेट भरायला एक खोली पुरते. त्यामुळे मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. गुलशन कुमारांच्या टी-सीरीजने स्वस्त कॅसेट गल्लोगल्ली नेली. कायद्यातल्या तरतुदीचा आधार घेऊन जुनी गाणी नव्या गायकांकडून गाऊन घेतली आणि १९९० च्या 'आशिकी'ने तर विक्रीचे आकडे कुठल्या कुठे नेले. पण फायदा फक्त हिंदीचा झाला नाही. प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं, आनंद शिंद्यांची लोकगीतं, पुलंचं कथाकथन हे सगळं एसटी स्टँडवरच्या टपरीपासून चाळीतल्या माळ्यापर्यंत पोचलं ते कॅसेटमुळेच. २००२ मध्ये 'कांटा लगा'चं रिमिक्स आलं तेव्हा मूळ गाण्याला ('समाधि', १९७२) तीस वर्षं झाली होती आणि मोठ्यांनी खूप बोंबाबोंब केली. २०१२ च्या दुरुस्तीने पाच वर्षांच्या आत व्हर्जन काढायला बंदी आली. असो.

आता थोडं व्हायवाचं. टेपची रुंदी ३.८१ मिलिमीटर, वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. सी-६० म्हणजे दोन्ही बाजू मिळून ६० मिनिटं. एका बाजूच्या ३० मिनिटांना किती टेप लागेल? ४.७६ गुणिले १८०० म्हणजे साधारण ८६ मीटर. आता १० किलोहर्ट्झचा सूर घ्या. वेग भागिले फ्रीक्वेन्सी केलं की टेपवरची तरंगलांबी येते ४.७६ मायक्रॉन. केसापेक्षा कितीतरी बारीक! म्हणून हेड एवढंसं तिरकं झालं किंवा त्यावर धूळ बसली की आधी वरचे सूर जातात आणि गायक गोधडीतून गातोय असं वाटतं. बॅटरी उतरली की वेग कमी होतो, आवाज घोगरा होतो. मग सेल उन्हात ठेवायचे, आणि रिवाइंडला सेल खर्ची पडू नयेत म्हणून षटकोनी पेन्सिल घालून चक्री फिरवायची. बाबा अजून ते हाताने करून दाखवतात.

आणि एक. रेकॉर्ड करताना टेप आधी इरेज हेडवरून जाते, मग रेकॉर्ड हेडवर. आधीचं सगळं साफ, मगच नवीन. चुकून असं होऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेला दोन टॅब असतात. ते मोडले की रेकॉर्डचं बटण दाबलंच जात नाही. आणि तरी करायचंच असेल तर त्या भोकावर सेलोटेप चिकटवायची.

ही सेलोटेपच मला दिवाळीच्या सुट्टीत सापडली. माळ्यावरच्या खोक्यात एक सी-६० होती. तिच्यावर काकांच्या अक्षरात 'आई, जात्यावरच्या ओव्या, १९८८' असं लिहिलेलं. ते खोडून खाली बाबांच्या अक्षरात 'आशिकी आणि इतर'. मोठे काका तेव्हा मस्कतला होते. त्यांनी टू-इन-वन आणला, आजीला बसवून ओव्या भरून घेतल्या आणि टॅब मोडून ठेवले. दोन वर्षांनी सोळा वर्षांच्या बाबांना मित्राची कॅसेट एका रात्रीपुरती मिळाली आणि कोरी कॅसेट घ्यायला पैसे नव्हते. मी विचारलं तर म्हणाले, "आई होतीच की रे घरात. रोज ऐकत होतो." आजी १९९६ मध्ये गेली. मी तिला पाहिलेलं नाही.

कॅसेट आणि टू-इन-वन दोन्ही होस्टेलला आणले. चालू केला तर मोटर फिरते, टेप हलत नाही. लॅबमधल्या मामांनी उघडून दाखवलं, रबरी बेल्टचं काळं डांबर झालं होतं. मी म्हटलं, "मामा, गाण्यांच्या खालचं काही निघेल का?" ते म्हणाले, "नाही बाळा. पुसलं ते पुसलं. पण तीस मिनिटं पूर्ण भरलीत का बघ."

नवा बेल्ट घातला, स्पिरिटच्या बोळ्याने हेड, कॅपस्टन, पिंच रोलर पुसले. वाजवण्याआधी सेलोटेप काढून टाकली. (तुमच्या घरी अशी कॅसेट असेल तर हे पहिलं करा. मग एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा, म्हणजे चिकटलेले थर सुटतात. आणि पहिल्यांदा वाजवाल तेव्हाच लॅपटॉपवर भरून घ्या, दुसरी संधी मिळेलच असं नाही.) हेडच्या बाजूच्या स्प्रिंगवाल्या स्क्रूला अगदी थोडा पीळ दिला, वरचे सूर उघडेपर्यंत.

सव्वीस मिनिटं बाबांची गाणी वाजली. पार्टनर म्हणाला फॉरवर्ड कर, मी केलं नाही. मग खट्ट असा आवाज आला आणि ओवीच्या मधल्याच शब्दापासून एका बाईचा आवाज सुरू झाला. पाठीमागे जात्याची घरघर. चार मिनिटं पुरली. दोन ओव्यांच्या मध्ये ती थांबते तेव्हा पुढच्या ओवीचा पहिला शब्द आधी पुसट ऐकू येतो, मग खरा येतो. याला प्रिंट-थ्रू म्हणतात. गुंडाळलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर उमटतो, आणि त्या वेढ्याच्या लांबीप्रमाणे दीड ते तीन सेकंदांचं अंतर पडतं. पुस्तकात तो दोष म्हणून दिलाय. मी तो काढलेला नाही, आवाजाची खरखरही नाही.

चार मिनिटांची मोनो फाइल झाली २१ एमबीची. बाबांना पाठवली. संध्याकाळी फोन आला, गाण्यांबद्दल काहीच बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "ती मधेच हसते, ते आलंय ना नीट?" आलंय. काकांनी काहीतरी विचारलं असावं, त्यावर ती हसते.

साईड बी अजून ऐकायची आहे. तिच्यावर बाबांनी काय भरलं, किती भरलं, त्यांनाच आठवत नाही. तिकडे टेप एका जागी सुरकुतली आहे, ती सरळ करायला मामा सबमिशन संपल्यावर वेळ देतो म्हणालेत.