झाशीचा उन्हाळा आणि रात्रीचे सोपे जेवण

बुंदेलखंडातील झाशी हे शहर राणी लक्ष्मीबाईंमुळे प्रत्येक मराठी मनाच्या परिचयाचे आहे. परंतु नोकरीनिमित्त तेथे बदलून जाणाऱ्या कुटुंबास एप्रिल सरत आला की या शहराची आणखी एक ओळख पटते, ती तेथील उन्हाळ्याची. मे महिन्यात कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे येथे नित्याचे आहे. मे २०२४ मध्ये तर पारा ४९ अंशांपर्यंत चढला होता. दिवसभर वाहणारी कोरडी, उष्ण 'लू' आणि ग्रॅनाइटच्या खडकावर वसलेली भूमी यांमुळे सूर्यास्तानंतरही उष्मा ओसरत नाही. दिवसा तापलेले दगड आणि भिंती रात्री उशिरापर्यंत धग टाकीत राहतात.

अशा वेळी पती-पत्नी दोघेही नोकरी करीत असलेल्या घरात सायंकाळी सात वाजता जो प्रश्न उभा राहतो, तो वरवर साधा वाटतो: रात्री जेवायला काय करावयाचे? प्रत्यक्षात मात्र हा प्रश्न घरातील सर्वांच्या प्रकृतीशी, आणि विशेषतः गॅसजवळ उभ्या राहणाऱ्या व्यक्तीच्या प्रकृतीशी निगडित आहे.

सायंकाळच्या स्वयंपाकाचा हिशेब

चार माणसांच्या कुटुंबासाठी बारा पोळ्या लाटून भाजावयाच्या तर अर्धा तास सहज लागतो. भाजीस वीस मिनिटे, वरणभाताच्या कुकरास तेवढीच आणि फोडणीस आणखी काही मिनिटे धरली, तर तासभर गॅस पेटता राहतो. ज्योत विझू नये म्हणून पंखा बंद ठेवावा लागतो. बाहेर चाळीस अंशांच्या आसपास तापमान असताना बंद स्वयंपाकघरातील हा एक तास किती जड जातो, हे ज्याने तो सोसला त्यालाच ठाऊक.

यावर दोन उपाय सामान्यतः केले जातात. पहिला, सर्व स्वयंपाक सकाळीच उरकून रात्री तो गरम करणे. दुसरा, बाहेरून जेवण मागविणे. दुसरा उपाय रोजच्या रोज खिशास परवडणारा नाही. पहिला उपाय सोयीचा दिसतो, पण उन्हाळ्यात धोक्याचा आहे.

अन्नातील जंतू साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने वाढतात. म्हणून शिजलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नये, आणि हवेचे तापमान ३२ अंशांपेक्षा अधिक असल्यास ही मर्यादा एक तासाची मानावी, असा सर्वमान्य संकेत आहे. झाशीत मे महिन्याच्या बहुतेक वेळी स्वयंपाकघर याहून अधिक तापलेले असते. भाताच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. तांदळातील काही जंतूंची बीजे शिजविल्यानंतरही टिकून राहतात. भात बाहेर पडून राहिला की ती वाढतात आणि विषारी द्रव्य निर्माण करतात. हे द्रव्य भात पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. सकाळचा भात रात्री वाफाळता दिसला, तरी तो सुरक्षित असेलच असे नाही.

मग मार्ग कोणता? सगळे सकाळी नको आणि सगळे सायंकाळीही नको. कोणते काम आगाऊ करता येते आणि कोणते ऐनवेळीच करावे, याची विभागणी करावी. पोळ्या भाजणे, डाळ भिजविणे व वाटणे, कैरी उकडणे, चटणी करणे, विरजण लावणे ही कामे सकाळच्या गारव्यात उरकावीत. पोळ्यांखेरीज हे सारे जिन्नस फ्रिजमध्ये ठेवावेत. भात, खिचडी, कण्या यांसारखे मऊ, ओलसर पदार्थ मात्र जेवणापूर्वीच ताजे शिजवावेत. ते कुकरमध्ये आपोआप शिजतात, त्यांच्यापाशी कोणी उभे राहावे लागत नाही. अशा विभागणीने सायंकाळी गॅस वीस मिनिटांपेक्षा अधिक पेटवावा लागत नाही, आणि त्यापैकी गॅसजवळ प्रत्यक्ष उभे राहणे पाच मिनिटांत आटोपते.

दोन परंपरांची शिदोरी

झाशी आणि मराठी माणूस यांचा संबंध जुना आहे. छत्रसालांनी बाजीराव पेशव्यांना बुंदेलखंडातील प्रदेश दिला आणि पुढे १७४२ मध्ये नारो शंकर सुभेदार म्हणून येथे आले. त्यांच्यामागून नेवाळकर घराणे आले. शहरातील ज्या गणेश मंदिरात १८४२ मध्ये राणी लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, ते आजही उभे आहे. पुढील काळात रेल्वेने नवी ये-जा सुरू केली. २००३ मध्ये उत्तर मध्य रेल्वेत समाविष्ट होण्यापूर्वी झाशी विभाग मुंबईस मुख्यालय असलेल्या मध्य रेल्वेचाच भाग होता. बँका व अन्य कार्यालयांतील बदल्यांमुळे हा ओघ आजही चालू आहे.

या सहवासात दोन्हीकडील उन्हाळी आहार एकमेकांच्या किती जवळचा आहे, हे सहज ध्यानात येते. देशावरील घरांत ज्वारीच्या कण्या ताकाबरोबर खातात. बुंदेलखंडात भरडलेले धान्य ताकातच शिजवून 'महेरी' करतात. चैत्रातील हळदीकुंकवास मराठी घरी कैरीचे पन्हे व वाटली डाळ असते. झाशीत भाजलेल्या कैरीचा, जिरे व पुदिना घातलेला 'पना' लू लागू नये म्हणून घेतला जातो. आपल्याकडचे सातूचे पीठ आणि उत्तरेकडील सत्तू ही तर सख्खी भावंडेच होत. आंबट, पातळ, भाजलेल्या वा भरडलेल्या धान्याचे अन्न उन्हाळ्यात घ्यावे, हा अनुभव दोन्ही प्रांतांनी स्वतंत्रपणे घेतला. घामावाटे शरीरातील पाणी व मीठ कमी होते आणि अशा अन्नातून ते काही अंशी भरून निघते, हे त्यामागील कारण होय.

नव्याने आलेल्यांनी बाजारातील काही शब्द ध्यानी ठेवावेत. दुधीभोपळा म्हणजे 'लौकी', कैरी म्हणजे 'अमिया', ताक म्हणजे 'मठा' किंवा 'छाछ'. आपल्या नेहमीच्या काकडीस 'खीरा' म्हणतात. 'ककडी' मागितल्यास लांब, बारीक, फिकट हिरवी जात मिळते. तीही कोशिंबिरीस उत्तम.

सोमवार ते शुक्रवार : एक नमुना

पुढील प्रमाणे चार माणसांसाठी आहेत.

सोमवार : ताकातल्या कण्या. एक वाटी ज्वारीच्या कण्या धुऊन सकाळी पाण्यात घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात. सायंकाळी चार वाट्या पाणी व मीठ घालून कुकरमध्ये चार शिट्ट्या द्याव्यात. कुकर उतरल्यावर कण्या परातीत पसरून कोमट होऊ द्याव्यात व त्यात तीन वाट्या गार ताक घालावे. वरून जिरे, हिंग, हिरवी मिरची व कढीपत्ता यांची फोडणी द्यावी. सोबत कच्चा कांदा व शेंगदाण्याची चटणी असावी. कण्या न मिळाल्यास गव्हाचा दलिया वापरावा.

मंगळवार : कैरीची वाटली डाळ आणि पोळी. एक वाटी हरभऱ्याची डाळ आदल्या रात्री भिजवून फ्रिजमध्ये ठेवावी. सकाळी वीज असतानाच ती जाडसर वाटून घ्यावी. सायंकाळी त्यात अर्धी वाटी कैरीचा कीस, मीठ, चिमूटभर साखर, कोथिंबीर व ओले खोबरे घालावे आणि मोहरी, हिंग, हळद व सुक्या मिरचीची गार केलेली फोडणी वर घालावी. कच्ची डाळ ज्यांना पचत नाही, त्यांच्यासाठी ती दहा मिनिटे वाफवून मोकळी करावी. पोळ्या सकाळी डब्याच्या वेळीच जास्तीच्या करून ठेवाव्यात. कणीक भिजविताना थोडे तेल व दूध घातल्यास त्या रात्रीपर्यंत मऊ राहतात.

बुधवार : सत्तू. आजच्या दिवशी गॅस पेटवूच नये. भाजलेल्या हरभऱ्याच्या दोन वाट्या सत्तूत बारीक कांदा, कैरीचा कीस, हिरवी मिरची, पुदिना, मीठ व दोन चमचे तेल घालून पाण्याच्या हबक्याने कालवावे आणि सकाळच्या पोळीबरोबर खावे. शंभर ग्रॅम सत्तूत सुमारे वीस ग्रॅम प्रथिने असतात. त्यामुळे हे जेवण हलके असले तरी अपुरे नाही. सोबत दह्यातील काकडीची कोशिंबीर पुरे. उरलेले सत्तू पेयासाठी वापरावयाचे असल्यास प्रथम थोड्या पाण्यात कालवून मग गार पाणी मिसळावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत.

गुरुवार : दहीभात. सव्वा वाटी तांदळाचा मऊ भात जेवणापूर्वी तासभर लावावा. परातीत पसरून निवल्याबरोबर त्यात एक वाटी गार दूध, दोन वाट्या गोड दही, मीठ, किसलेले आले व चिरलेली काकडी घालावी. फोडणी हवी असल्यास द्यावी, नसल्यास लिंबाचे लोणचे आहेच. भात निवल्यावर रेंगाळत न ठेवता लगेच वाढावा.

शुक्रवार : दुधी घातलेली मुगाची पातळ खिचडी. तीन पाव वाटी तांदूळ, तितकीच मूगडाळ व दोन वाट्या दुधीच्या फोडी एकत्र कुकरमध्ये घालून, हळद, मीठ व सहा वाट्या पाणी घालून तीन-चार शिट्ट्या द्याव्यात. वाढताना वर चमचाभर तूप व जिरे. सोबत सकाळी वाटलेली पुदिना-कैरीची चटणी.

या सर्व दिवशी जेवणाबरोबर पन्हे ठेवता येते. दोन मध्यम कैऱ्या उकडून गर काढावा, त्यात दीड ते दोन पट गूळ, मीठ व वेलची घालून बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. हा गर आठवड्याच्या पाचही रात्री पुरतो. एक भाग गर व चार भाग गार पाणी हे प्रमाण ठेवावे.

फ्रिज, वीज आणि माठ

वीज गेल्यास फ्रिजचे दार वारंवार उघडू नये. दार बंद राहिल्यास आतील गारवा सुमारे चार तास टिकतो. त्यापुढे मात्र दूध, वाटलेली डाळ व शिजलेले पदार्थ यांवर विसंबून राहू नये. विरजण रात्री लावावे. या दिवसांत दही काही तासांतच लागते, आणि लागताच फ्रिजमध्ये न ठेवल्यास आंबट होते. टरबूज व खरबूज खाण्याच्या वेळीच चिरावे. बाजारातील चिरून ठेवलेली फळे कितीही मोहक दिसली तरी टाळावीत.

माठ मात्र झाशीत मुंबईपेक्षा अधिक उपयोगी पडतो. माठाच्या सच्छिद्र भिंतीतून झिरपणारे पाणी कोरड्या हवेत वेगाने उडून जाते आणि आतील पाणी गार करते. दमट हवेत ही क्रिया मंदावते. माठ वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवावा व रोज धुवावा.

प्रकृतीनुसार काळजी

ज्येष्ठांना तहान कमी जाणवते. त्यांनी मागण्याची वाट न पाहता ताक अथवा पाणी हातात द्यावे. रक्तदाबाच्या रुग्णांनी लोणचे, पापड व ताकातील मीठ जपून घ्यावे, तर मधुमेहींनी गोड पन्ह्याऐवजी गुळाविना केलेला, जिरे-पुदिन्याचा पना घ्यावा. ताप अतिशय वाढून एखादी व्यक्ती असंबद्ध बोलू लागली किंवा ग्लानीत गेली, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी तिला सावलीत आणून अंग ओल्या कापडाने गार करीत तातडीने रुग्णालयात न्यावे. शुद्ध हरपत असताना पन्हे वा पाणी बळेबळे पाजू नये.

समारोप

वरील नमुन्यात एकही पदार्थ अपूर्वाईचा नाही. प्रत्येक घरास आपल्या आवडीप्रमाणे त्यात बदल करता येईल. कामांची विभागणी तेवढी कायम ठेवावी. सकाळच्या कामांपैकी डाळ भिजविणे, चटणी वाटणे, विरजण लावणे यांसाठी विशेष कौशल्य लागत नाही, म्हणून ती घरातील कोणीही, मोठ्या मुलांनीसुद्धा, वाटून घ्यावीत. आजवर बहुतेक घरांत पाने वाढली जातात तेव्हा स्वयंपाक करणारी गृहिणी घामाने निथळत शेवटची पोळी भाजत असते आणि सर्वांचे आटोपल्यावर एकटी जेवावयास बसते. उन्हाळ्याच्या या पाच रात्री तरी तिचे पान सर्वांबरोबर मांडले जावे.