बाप्तिस्मा सर्वांना, पाळकपद पुरुषालाच?
(लूथरन चर्चमधील स्त्रियांचा लढा : एक अभ्यास)



एखाद्या धर्मात समता आहे की नाही हे त्याच्या ग्रंथावरून ठरते, असे आपण समजतो. पण ग्रंथात समतेचे तत्त्व असूनही स्त्रीच्या वाट्याला ती येत नाही, असे अनेकदा घडते. असे का घडते आणि ते कसे मोडावे लागते, याचे एक बोलके उदाहरण युरोपातील लूथरन चर्चच्या इतिहासात आहे. धर्मांतर केलेल्या कुटुंबांनी ते मुद्दाम अभ्यासावे.

१. मूळ तत्त्व कोणते?

इ. स. १५१७ मध्ये जर्मनीतील विटेनबर्ग येथे मार्टिन लूथर या मठवासी प्राध्यापकाने पापक्षमापत्रांच्या विक्रीविरुद्ध ९५ मुद्दे मांडले. पुढे १५२० मध्ये त्याने एक मोठा विचार सांगितला. पुरोहित उच्च आणि सामान्य माणूस नीच, असे दोन दर्जे देवाने निर्माण केलेले नाहीत. ज्याचा बाप्तिस्मा झाला, तो प्रत्येक जण पुरोहितच होय. पाळक हा केवळ मंडळीने नेमलेला सेवक असतो. पुरोहितशाहीच्या मुळावर घातलेला हा घाव होता. त्याचे मोल आपल्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता विचार करा. बाप्तिस्मा मुलालाही होतो आणि मुलीलाही होतो. मग मुलगी पाळक का होऊ शकत नव्हती? लूथरच्या तत्त्वात याला अडथळा नव्हता. पण उपदेश करण्याचे सार्वजनिक काम सामान्यतः पुरुषानेच करावे, असे लूथर स्वतः मानत होता. तत्त्व पुढे गेले, तत्त्व सांगणारा मात्र उंबरठ्यावर थांबला.

२. पहिल्या स्त्रिया

तत्त्व ऐकताच काही स्त्रिया पुढे आल्या. १५२३ मध्ये इंगोलश्टाट विद्यापीठाने लूथरची मते मानणाऱ्या एका तरुणाला ती सोडून देण्यास भाग पाडले. तेव्हा आर्गुला फॉन ग्रुम्बाख या बव्हेरियातील बाईने विद्यापीठाला पत्र लिहून जाब विचारला. बायबलच्या आधारे माझ्याशी वाद घाला, असे तिचे आव्हान होते. पत्र छापले गेले आणि दूरवर वाचले गेले. विद्वानांनी तिला उत्तर दिले नाही. तिच्या नवऱ्याची नोकरी मात्र गेली.

दुसरी कात्यारिना फॉन बोरा. ती मठातील जोगीण होती. १५२३ मध्ये ती मठातून बाहेर पडली आणि १५२५ मध्ये तिचे लूथरशी लग्न झाले. शेती, गुरे, बिअर गाळण्याची भट्टी आणि घरी जेवायला-राहायला असलेले विद्यार्थी, हा सारा प्रपंच तीच सांभाळी. लूथरने मृत्युपत्रात सर्व काही तिच्या हाती सोपवले. पण १५४६ मध्ये तो वारला आणि तेथील कायद्याच्या रूढीप्रमाणे या कर्त्या बाईवरही पालक नेमले गेले. घर चालवण्याची अक्कल होती, हक्क नव्हता.

३. सेवा द्या, अधिकार मागू नका

पुढची तीनशे वर्षे लूथरन देशांत स्त्रीचे स्थान पाळकाची पत्नी म्हणूनच राहिले. एकोणिसाव्या शतकात सेविकांच्या संस्था निघाल्या. बव्हेरियातील नॉयएन्डेटेल्साऊ येथे १८५४ मध्ये विल्हेल्म लोहे या पाळकाने अशी संस्था काढली. या सेविकांनी रुग्णांची शुश्रूषा केली आणि अनाथ मुले सांभाळली. समाज त्यांना मान देत होता, पण उपदेशपीठाची पायरी त्यांना बंदच होती.

विरोधकांचा आधार होता पौलाची पत्रे. करिंथकरांस आणि तीमथ्याला लिहिलेल्या पत्रांत स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, शिकवू नये, असे सांगितलेले आहे. समर्थक पौलाच्याच गलतीकरांस पत्राकडे बोट दाखवत. ख्रिस्तात स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ग्रंथ एकच, पण कोणते वचन प्रमाण मानायचे हे ठरवणारे सगळे पुरुष!

४. कायद्यातील पळवाट

या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे.

नॉर्वेत १९३८ मध्ये कायद्याने स्त्रियांना पाळकपद खुले केले. पण त्यात एक मेख होती. एखाद्या मंडळीने तत्त्वतः विरोध केला, तर तेथे स्त्रीची नेमणूक करायची नाही. ही अट १९५६ मध्ये गेली. तरीही पहिली स्त्री पाळक, इन्ग्रिड ब्येरकोस, यांना दीक्षा मिळायला १९६१ साल उजाडले. हामारचे बिशप क्रिस्टियान श्येल्डेरूप यांनी ती दिली. त्या वेळी देशातील नऊ बिशपांपैकी सहा जणांनी उघड विरोध नोंदवला. इन्ग्रिडबाई त्या वेळी साठीच्या घरात होत्या. त्या उत्तरेकडील सेन्या बेटावर सेवेला गेल्या. शेजारच्या डेन्मार्कमध्ये मात्र १९४८ मध्येच तीन स्त्रियांना दीक्षा मिळाली होती.

स्वीडनचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. तेथील चर्चसभेने १९५७ मध्ये स्त्रियांना पाळक करण्याचा प्रस्ताव फेटाळला आणि १९५८ मध्ये तोच स्वीकारला. १९६० मध्ये झावळ्यांच्या रविवारी मार्गिट सालिन, एलिसाबेट ड्यूर्ले आणि इन्ग्रिड पेर्शोन या तिघींना दीक्षा मिळाली. पण विरोधकांचे समाधान व्हावे म्हणून 'सद्‌विवेकाचे कलम' मान्य केले गेले होते. ज्याचे मन मानत नाही त्या बिशपाने स्त्रीला दीक्षा देऊ नये आणि त्या पाळकाने तिच्याबरोबर उपासना चालवू नये, अशी ही मुभा होती. गोटेबर्गचे बिशप बू यर्ट्स हे विरोधकांचे पुढारी होते.

वरवर पाहता कलम सौम्य वाटते. कोणावर सक्ती नको, इतकेच ते म्हणते. पण त्याचा परिणाम काय झाला? स्त्रीला हक्क मिळाला, आणि तो हक्क मानायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार पुरुषाकडे राहिला. तिच्या शेजारी वेदीपाशी उभे राहण्यास नकार देणारा धर्मनिष्ठ ठरला आणि ती भांडखोर ठरली. शिवाशिव मानणाऱ्यालाही आपला सद्‌विवेक पुढे करता येतो, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. हे कलम १९८२ मध्ये रद्द झाले. पुढे १९९७ मध्ये क्रिस्टीना उडेनबॅरी या लुंडच्या बिशप झाल्या आणि २०१४ मध्ये आन्ट्ये याकेलेन यांनी आर्चबिशपपद स्वीकारले. २०२० मध्ये स्वीडनच्या चर्चमध्ये स्त्री पाळकांची संख्या पुरुषांहून किंचित अधिक झाली. तरीही त्यांचे सरासरी वेतन पुरुषांपेक्षा कमीच होते.

५. मिळालेले परत जाऊ शकते

एकदा मिळालेला हक्क कायमचा, असे समजणे भोळेपणाचे होय. लात्वियात १९७५ पासून स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा मिळत होती. १९९३ मध्ये नवे आर्चबिशप आले आणि त्यांनी ती देणे थांबवले. नियम बदलला नव्हता, केवळ माणूस बदलला होता. अखेर २०१६ मध्ये तेथील धर्मसभेने नियमही बदलला आणि पाळकपद पुरुषांपुरतेच ठेवले. याउलट पोलंडच्या लूथरन चर्चने २०२१ मध्ये स्त्रियांना दार उघडले आणि २०२२ मध्ये नऊ स्त्रियांना दीक्षा दिली. अमेरिकेतही चित्र दुहेरी आहे. तेथे १९७० मध्ये एलिझाबेथ प्लाट्झ पाळक झाल्या, पण मिसुरी सिनॉड हे मोठे लूथरन चर्च आजही स्त्रियांना पाळक करत नाही.

६. आपण काय घ्यावे?

यातून तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : तत्त्व आपोआप व्यवहारात उतरत नाही. १५२० ते १९४८-६० म्हणजे चारशे वर्षांहून अधिक काळ गेला.
दुसरी : हक्क देताना ठेवलेली पळवाट हा हक्काचाच नकार असतो.
तिसरी : स्त्रिया निर्णयाच्या जागी नसतील तर कोणताही हक्क सुरक्षित नाही. लूथरन जागतिक संघाने १९८४ मध्ये बुडापेस्टच्या महासभेत आपल्या सभा-समित्यांत किमान ४० टक्के स्त्रिया असाव्यात असे उद्दिष्ट ठरवले, ते याच जाणिवेतून.

हे वाचून दुसऱ्यांना हसण्याचे मात्र कारण नाही. महाप्रजापती गौतमीच्या आग्रहाने भिक्खुणी संघ स्थापन झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण श्रीलंकेत तो संघ सुमारे हजार वर्षे खंडित राहिला. १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बुद्धगयेला श्रीलंकेच्या स्त्रियांना पुन्हा उपसंपदा मिळाली, ती मानायला अनेक भिक्खू अजून तयार नाहीत. पौलाच्या पत्रावरून तेथे जो वाद झाला, तोच आपल्याकडे विनयाच्या नियमांवरून होतो.

म्हणून प्रश्न आपल्या घरालाही विचारावा. दीक्षा नवऱ्याने घेतली तशीच बायकोनेही घेतली. बावीस प्रतिज्ञा दोघांनी मिळून म्हटल्या. मग विहाराच्या समितीत आपल्या किती माता-भगिनी आहेत? वंदना घेण्यास त्यांना कोणी बोलावते का, की त्यांनी खीर शिजवायची आणि रांगोळीच काढायची?

घरी चर्चेसाठी प्रश्न :
१. 'सद्‌विवेकाचे कलम' समतेच्या विरुद्ध का होते?
२. लात्वियात नियम बदलण्यापूर्वीच हक्क कसा गेला?
३. आपल्या विहारात अशी न लिहिलेली कलमे कोणती आहेत? याचे उत्तर प्रथम घरातील स्त्रियांनी द्यावे. पुरुषांनी ऐकावे.