पोटातला फुगा : कर्ज काढायच्या आधी

मागच्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर विहाराच्या पायरीवर एका ताईंनी आम्हाला मोबाईल दाखवला. जाहिरातीत एक बाई गोळी गिळते, वरून पाणी पिते आणि पुढच्या चित्रात तिचे पोट सपाट. "जय भीम सिस्टर. हे बघा, ऑपरेशन नाही, टाके नाहीत. पोटात फुगा सोडतात म्हणं, भूकच लागत नाही. फायनान्सवाला पैसे द्यायला तयार हाय. काय म्हणता?" ताई त्रेचाळीस वर्षांच्या. उंची 152 सेंटिमीटर, वजन 74 किलो, तीन वर्षांपासून शुगर. गुडघे असे की विहाराच्या चार पायऱ्या चढायलाही भिंत धरावी लागते.

हे सगळे थोतांड आहे, असे आम्ही त्यांना सांगितले नाही, कारण ते थोतांड नाही. मोठ्या शहरांतले पोटविकारतज्ज्ञ हा उपचार करतात आणि योग्य माणसाला त्याचा उपयोगही होतो. पण जाहिरातीत दाखवले त्याहून न दाखवलेले जास्त आहे. ताई एकट्याही नाहीत, हदगावातल्या आणखी दोन-तीन घरांतून आम्हाला हाच प्रश्न आला आहे. म्हणून यावेळचे पान यावर.

हा फुगा सिलिकॉनसारख्या मऊ पदार्थाचा असतो. एका प्रकारात डॉक्टर तोंडावाटे दुर्बीण घालून तो रिकामा फुगा जठरात सोडतात आणि नळीने त्यात 400 ते 700 मिलिलिटर निर्जंतुक मिठाचे पाणी भरतात. पाण्यात निळा रंग मिसळलेला असतो. फुगा गळू लागला तर लघवी हिरवट-निळी होते आणि माणसाला घरीच कळते, यासाठी ती युक्ती. सहा महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून फुगा फोडून बाहेर काढावा लागतो. जाहिरातीतला प्रकार दुसरा. त्यात घडी घातलेला फुगा कॅप्सूलमध्ये असतो आणि कॅप्सूलला बारीक नळी जोडलेली असते. तो गिळल्यावर एक्स-रे काढून जागा बघतात, साधारण 550 मिलिलिटर पाणी भरतात आणि नळी ओढून घेतात. चारेक महिन्यांनी त्याची झडप उघडते, पाणी निघून जाते आणि रिकामे आवरण शौचावाटे पडते. म्हणजे ही नुसती गोळी नव्हे. दोन्ही प्रकारांत काम एकच, जठरातली जागा अडवायची. थोड्या घासांत पोट भरल्यासारखे वाटते आणि खाल्लेले अन्नही जठरातून सावकाश पुढे सरकते.

ही कल्पना आली कुठून, तेही ऐकण्यासारखे आहे. गिळलेल्या केसांचा किंवा तंतूंचा गोळा काही रोग्यांच्या जठरात साचतो आणि ते खंगत जातात, हे डॉक्टरांना माहीत होते. त्यावरून 1982 साली डेन्मार्कच्या दोन डॉक्टरांनी जठरात मुद्दाम फुगा ठेवून बघितला. 1985 मध्ये अमेरिकेत गॅरेन-एडवर्ड्स नावाच्या हवेच्या फुग्याला सरकारी परवानगी मिळाली. तो नळकांड्यासारखा होता. त्याच्या कडा घासून जठराला जखमा झाल्या, काहींचा फुगा बसून आतड्यात अडकला आणि थोड्याच वर्षांत तो बाजारातून गेला. 1987 मध्ये फ्लोरिडात तज्ज्ञांनी बसून ठरवले की फुगा गुळगुळीत हवा, मऊ हवा, पाण्याने भरणारा हवा, एक्स-रेमध्ये दिसणारा हवा. आजचे फुगे त्या ठरावातून आले. त्यांतल्या ऑर्बेरा या फुग्याला अमेरिकेत 2015 साली परवानगी मिळाली.

आता ताईंचा खरा प्रश्न : वजन किती उतरेल? ऑर्बेराच्या परवानगीसाठी अमेरिकेत झालेल्या अभ्यासात फुगा बसवलेल्यांचे वजन सहा महिन्यांत सरासरी 10 टक्के उतरले. फुगा काढल्यानंतर, वर्ष पूर्ण होताना, ती घट साडेसात टक्क्यांवर आली होती. फुगा न बसवता ज्यांना फक्त आहार-व्यायामाचा सल्ला नियमित दिला त्यांचे वजन तीन टक्क्यांच्या आसपास उतरले. हे ताईंच्या अंगावर मोजून बघू. 74 किलोत सहा महिन्यांत साडेसात किलो जातील, वर्षाअखेरीस साडेपाच किलोची घट उरेल. फुग्याविना, पण सल्ला धरून ठेवला तर सव्वादोन किलो. फरक आहे, नाही असे नाही. पण खर्च लाखांत जातो आणि फायनान्सचे हप्ते फुगा बाहेर आल्यावरही चालू राहतात.

शिवाय त्या अभ्यासात फुगा सोसला नाही म्हणून जवळजवळ पाचांतल्या एकाचा तो मुदतीआधीच काढावा लागला. पहिले तीन-चार दिवस मळमळ, उलट्या, पोटात पेटके हे बहुतेकांना होते. ज्या बाईला चौथ्या दिवशी मजुरीला जायचे आहे तिला हे आधी कोणी सांगायला हवे.

एक गोष्ट जाहिरातवाले कधीच बोलत नाहीत. फुगा भाकरी अडवतो, चहा अडवत नाही. गोड पातळ पदार्थ फुग्याच्या बाजूने निघून जातात. आम्ही ताईंना दिवसभराचा चहा मोजायला लावला. सहा कप निघाले, दर कपात दोन चमचे साखर. म्हणजे बारा चमचे, साठ ग्रॅम, सुमारे 240 उष्मांक. दोन भाकऱ्यांएवढा हा भरणा फुगा असताना तसाच चालू राहिला असता. शुगर असलेल्या माणसासाठी तर तो वेगळाच घात.

धोके कमी वेळा घडतात, पण घडतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 आणि 2018 मध्ये पाणी भरलेल्या फुग्यांबद्दल डॉक्टरांना सावध करणारी पत्रे काढली. फुगा आपोआप जास्त फुगणे, स्वादुपिंडाला सूज येणे असे प्रकार त्यांत नोंदले आहेत. 2016 पासून जून 2018 पर्यंत जगभरात असे फुगे बसवलेल्यांपैकी 12 जणांच्या मृत्यूची नोंद त्यांच्याकडे झाली होती. प्रत्येक मृत्यू फुग्यामुळेच झाला असे प्रशासनाने म्हटले नाही, पण लक्ष ठेवा, असे बजावले. घरातल्यांनी एवढे ओळखावे : न थांबणारी उलटी, पोटात किंवा पाठीत जोराची कळ, डांबरासारखी काळी संडास, ताप, धाप, हिरवट-निळी लघवी. यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट बघायची नाही. आणि कोणत्याही कारणाने भूल द्यायची वेळ आली तर पोटात फुगा आहे हे डॉक्टरांना आधी सांगायचे, कारण जठरात अन्न साठून राहते आणि भुलीत ते फुप्फुसात जाऊ शकते.

ताईंची पिशवी आम्ही बघायला मागितली. शुगरच्या गोळ्यांसोबत गुडघ्यासाठी मेडिकलवरून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या निघाल्या. रोज एक, कधी दोन, दोन वर्षांपासून. आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी अडचण हीच. अशा दुखण्याच्या गोळ्या जठराचे अस्तर खातात. फुगा आत असताना त्या घेतल्या तर अल्सर होऊन रक्त जाण्याचा धोका वाढतो, म्हणून फुगा असेपर्यंत आम्लता कमी करणारी गोळी रोज देतात आणि या गोळ्या बंद करायला सांगतात. मग गुडघ्याचे काय? शुगरच्या गोळीचेही बघावे लागते. खाणे एकदम निम्म्यावर आले आणि गोळी तीच राहिली तर शुगर खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. गरोदर बाईला किंवा आधी जठराचे ऑपरेशन झालेल्याला फुगा बसवत नाहीत. पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला उलट्या झाल्या तर त्या गोळीचा भरवसा राहत नाही, हेही लक्षात ठेवावे.

काही जणींना हा फुगा आणि वजनाचे ऑपरेशन एकच वाटते. 2017 मध्ये इजिप्तहून विमानाने आणलेल्या महिलेची बातमी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली होती. मुंबईच्या सैफी रुग्णालयात तिच्यावर जे झाले ते जठराचा मोठा भाग कापून काढण्याचे ऑपरेशन, फुगा नव्हे. तिसरा प्रकार म्हणजे पोटात फुगणाऱ्या पावडरी, ज्या आठवडी बाजारापासून मोबाईलपर्यंत सगळीकडे विकतात. अमेरिकेत 1990 च्या सुमारास गवारीच्या डिंकाच्या गोळ्या अशाच खपत होत्या. काहींच्या त्या अन्ननलिकेतच फुगून अडकल्या आणि सरकारला विक्री थांबवावी लागली. इसबगोलसुद्धा भरपूर पाण्याशिवाय घेऊ नये, ते याच कारणासाठी.

संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट आहे. द्रोणभर भात खाऊन तो धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी मात्रा ओळखून जेवण्याबद्दल एक गाथा सांगितली. राजाने मागे उभ्या असलेल्या सुदस्सन या तरुणाला ती पाठ करायला लावली, रोज जेवताना म्हणायला सांगितली आणि त्याबद्दल रोज शंभर कहापण देऊ केले. हळूहळू राजा एका नाळीभर भातावर आला आणि हलका झाला. आम्हाला यात त्या सुदस्सनाची नोकरी महत्त्वाची वाटते. ज्या दवाखान्यांत फुग्यासोबत आहारतज्ज्ञ महिनोन्महिने पाठपुरावा करतात तिथे निकाल बरा येतो. फुगा निघाल्यावर आपल्या ताटामागे कोण उभे राहणार, हे घरातच ठरवावे लागते. आणि बाईच्या ताटाकडे बघायला आपल्या घरांत सहसा कोणी नसते. ती सगळ्यांच्या शेवटी, उरलेला भात संपवायचा म्हणून जेवते.

वजनाचा हिशेब घरी करता येतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. ताईंचा आकडा 32 आला. अमेरिकेत ऑर्बेराची परवानगी 30 ते 40 आकडा असलेल्यांसाठी आहे, म्हणजे आकड्याने ताई बसतात. आपल्या लोकांत 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या अंगात तेवढ्याच वजनाला चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांवर हेच दाखवले. बाळे इंग्लंडच्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी होती, पण चरबी मात्र फारशी कमी नव्हती. म्हणून काट्याबरोबर टेपही लागतो. कंबर बाईची 80 आणि पुरुषाची 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की शुगर-बीपी तपासायचे. आशाताई तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरायला येतात तेव्हा टेप त्यासाठीच काढतात. त्यांना 'नंतर या' म्हणू नका. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

एवढे ऐकूनही फुगा बसवायचाच असेल तर जरूर बसवावा, पण विचारून. आम्ही नोकरीत असताना एका दवाखान्यात इंग्रजी संमतीपत्रावर अंगठे घेतले आहेत. समोरच्या बाईला काय लिहिले आहे हे कळत नव्हते आणि आम्ही ते वाचून दाखवले नाही. त्याची लाज अजून वाटते. म्हणून सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या. सांगितलेल्या पैशांत फुगा काढण्याचा खर्च धरला आहे का? मुदतीच्या आत तो काढायला कोणत्या तारखेला यायचे? कामाला पुण्याला किंवा हैदराबादला गेलो तर? रात्री दोन वाजता कळ उठली तर दुर्बीण घालणारा डॉक्टर नांदेडात मिळेल का? हदगावहून नांदेडला पोचायलाच तास-दीड तास जातो. या प्रश्नांवर चिडणाऱ्या दवाखान्यात फुगा बसवू नये.

ताईंनी फायनान्सवाल्याला पुढच्या पौर्णिमेला सांगते म्हणून कळवले आहे. दरम्यान गुडघा आणि गोळ्या दाखवायला त्या विष्णुपुरीच्या सरकारी रुग्णालयात जाऊन आल्या. चहात आता अर्धा चमचा साखर असते आणि त्यावरून घरात कुरकूर चालू आहे. त्यांच्या मिस्टरांची, जे स्वतःला काटकुळे समजतात आणि बायकोच्या वजनावर हसतात, कंबर आम्ही त्याच टेपने मोजली. 96 भरली. शुगर त्यांनी आजवर कधी तपासलेली नव्हती.