पाटीपासून सेवेपर्यंत

गावात लग्न निघाले की शेजारच्या बायका न बोलावता येतात. कोणी तांदूळ निवडते, कोणी पाणी भरते. आपल्या काशीदला हे काही नवीन नाही. पण ही मदत ओळखीच्या माणसाला होते. ज्याचे नाव-गाव ठाऊक नाही, त्याच्या मदतीला कोण जाणार? अशा कामासाठी पुण्यात बायकांची एक संस्था निघाली. तिचे नाव सेवासदन. तिची हकिगत आज आपण वाचू.

संस्थेचा पाया घातला रमाबाई रानडे यांनी. त्यांचा जन्म १८६२ साली सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी झाला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. पती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. रमाबाईंना तेव्हा अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी त्यांच्या हाती पाटी दिली. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना ते खपेना. बाईमाणसाने शिकणे त्या काळी वाईट मानत. टोमणे बसत. रमाबाईंनी उलट उत्तर दिले नाही. पण पाटीही सोडली नाही. आधी मराठी आले, पुढे इंग्रजीही आले.

१९०१ साली रानडे वारले. रमाबाईंना फार मोठे दुःख झाले. पण त्या घरात बसून राहिल्या नाहीत. तुरुंगातल्या बायकांना त्या भेटू लागल्या. त्यांच्याशी दोन शब्द बोलू लागल्या. दवाखान्यात जाऊन रोग्यांना फळे-फुले देऊ लागल्या.

१९०८ साली मुंबईत सेवासदन निघाले. १९०९ साली पुण्यात निघाले. पुण्याच्या कामात गोपाळ कृष्ण देवधर यांची मोठी मदत झाली. बायका तिथे लिहिणे-वाचणे आणि शिवणकाम शिकू लागल्या. काही जणी शिकून शिक्षिका झाल्या. त्यांत तरुण विधवा पुष्कळ होत्या. तोवर त्यांच्या नशिबी दुसऱ्याच्या घरी राबणे आणि बोलणी खाणे होते. आता चार पैसे स्वतःचे मिळू लागले.

सर्वांत अवघड काम होते परिचारिकेचे, म्हणजे नर्सचे. “परक्या माणसाची सेवाशुश्रूषा? आपल्या घरच्या बाईने? छे!” असे लोक म्हणत. तरी सेवासदनाने बायकांना हे शिक्षण मिळवून दिले. आज आपण रोगी घेऊन अलिबागच्या दवाखान्यात जातो. रात्री उशाशी उभी असते ती नर्सबाई. ती कोणाची तरी लेक असते. तिला आज कोणी नावे ठेवीत नाही. ही वाट आधी कोणीतरी टोमणे सोसून पाडली, हे आपण विसरू नये.

आळंदीची यात्रा भरे, तेव्हा सेवासदनाच्या बायका तिथे जात. गर्दीतल्या बायाबापड्यांना मदत करीत. स्वखुशीने, मोबदला न घेता अशी सेवा करणारी बाई म्हणजे स्वयंसेविका. बायकांनी चौघांत येऊन असे काम करावे, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

पुढे मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि बायकांच्या मताच्या हक्कासाठीही रमाबाई झटल्या. १९२४ साली त्या वारल्या. १९६२ साली सरकारने त्यांच्या नावे टपालाचे तिकीट काढले. ज्या मुलीला एकेकाळी पत्र वाचता येत नव्हते, तिचे चित्र पत्रांवर लागले!

आम्ही पुष्कळ वर्षे शाळेत शिकवले. एक गोष्ट आम्हाला पक्की कळली. पाटीवरचे अक्षर एकट्याजवळ ठेवले तर पुसते. दुसऱ्याला दिले तर टिकते. सेवासदनातली बाई शिकली आणि दुसरीला शिकवू लागली. आपल्याकडेही बचत गटात बायका जमतात. ज्या बाईला हा धडा वाचता आला, तिने तो शेजारणीला वाचून दाखवावा. दवाखान्याचा कागद, बँकेचे पुस्तक तिला समजावून द्यावे. याला पैसा लागत नाही. सेवेची सुरुवात अशीच होते.

प्रश्न :
१. रमाबाईंच्या शिकण्याला कोणाचा विरोध होता?
२. नर्सचे काम शिकणे तेव्हा अवघड का होते?
३. आपल्या गावात चार बायका मिळून कोणते काम करू शकतील?