सोडियम काही कर्ण नव्हे

अगं, परवा फोनवर तू घडाघडा म्हणून दाखवलंस, "सोडियम इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, दोघांचं अष्टक पूर्ण, झाला आयनिक बंध." मार्क मिळतील, प्रश्नच नाही. पण आता अकरावीत आलीस, म्हणून सांगते. सोडियम काही दानशूर कर्ण नव्हे.

त्याच्याकडून तो एकुलता इलेक्ट्रॉन काढून घ्यायचा तर मोलमागे 496 किलोज्यूल खर्ची पडतात. क्लोरीनला तो मिळाला की 349 हाती येतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत 147 ची खोट! शिवाय धातूतून सोडियमचे अणू सुटे करायला 107, अर्धा मोल क्लोरीनच्या रेणूंतली जोडी फोडायला 121. इतकी झळ सोसून मीठ होतंच कसं? तर धन आणि ऋण आयन एकमेकांना ओढत स्फटिकात जाऊन बसले की 787 किलोज्यूल बाहेर पडतात. कर बघू बेरीज-वजाबाकी. शेवटी साधारण 412 शिल्लक राहतात, त्यासाठी हा सगळा खटाटोप. 'अणूंना आठ हवे असतात' म्हणणं सोपं गं, पण अणूला कसली आलीय हौस? ऊर्जा कमी होते, म्हणून बंध होतो.

आणि क्लासच्या नोट्समध्ये एक सोडियम, एक क्लोरीन अशी जोडी काढलेली असते ना, ती मिठात शोधू नकोस. तिथे प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. मिठाच्या खड्यात सुटा रेणू असा नसतोच.

आईला सांगून एक काम कर. जुन्या तव्यावर एका बाजूला चिमूटभर साखर टाक, दुसऱ्या बाजूला मीठ. साखर विरघळल्यासारखी पातळ होईल, मग तांबूस, मग करपट वास. मीठ फार तर तडतडेल, बाकी ढिम्म. ते वितळायला 801 अंश सेल्सिअस लागतात, तिथवर आपला तवा कुठला जायला! साखरेच्या रेणूत अणू इलेक्ट्रॉन वाटून घेऊन घट्ट बांधलेले असतात, तो सहसंयुज बंध. पण एका रेणूची दुसऱ्यावरची पकड त्यामानाने सैल. साखर तांबूस व्हायला लागली की समज, आता रेणूच्या आतले बंधही तुटतायत.

एक गोष्ट मात्र कायमची डोक्यात ठेव, कारण इथे भलेभले घसरतात. बंध तुटताना ऊर्जा मिळत नाही, द्यावी लागते. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे 436 किलोज्यूल लागतात. गॅसच्या शेगडीतून मिळणारी उष्णता नवे बंध जुळताना येते, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होताना.

अष्टकाचा नियम टाकून दे असं नाही म्हणत मी. कामाचा आहे, पण बोरॉन ट्रायफ्लुओराइडमध्ये बोरॉनभोवती सहाच इलेक्ट्रॉन असतात आणि त्याचं काही अडत नाही. झेनॉन तर राजवायू, कुणाशी संयोग पावणार नाही असं मानलं जायचं. 1962 मध्ये नील बार्टलेट यांनी त्याचं संयुग करून दाखवलं.

तेव्हा पुढच्या वेळी पाठ केलेलं वाक्य नको म्हणून दाखवूस. पोटॅशियम क्लोराइडचा असाच हिशेब वहीत मांड आणि त्याचा फोटो मला पाठव.