पोलादाचं नाव शेवटी वाच

चाकू घ्यायचा तर पात्यावर कोरलेलं पोलादाचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं. आधी धारेच्या मागे जाडी किती आहे ते बघ, मग घडवणाऱ्याने पात्याला पाणी कसं दिलंय, म्हणजे तापवून-विझवून कडक कसं केलंय, याची चौकशी कर, आणि नाव त्यानंतर. तू पाठवलेल्या यादीत नुसती नावं होती आणि त्यांच्यापुढे डॉलर. डाय-पंच करण्यात माझा जन्म गेला. खिशातला चाकूही त्याच कुळातला, म्हणून काही गोष्टी तुझ्या कानावर घालतो.

जाडी म्हणजे पात्याच्या पाठीची नव्हे. धार जिथे सुरू होते त्याच्या लगेच वर कॅलिपर लाव. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी भरलं तर चाकू सफरचंदात अलगद शिरतो. एक मिलिमीटरच्या घरात गेलं की सफरचंद कापलं जात नाही, फुटतं. धारेचा कोन दर बाजूला १५ अंशांच्या आसपास पुरे. कारखान्यातून तो बहुधा २० अंश किंवा त्याहून जाड येतो, कारण गिऱ्हाईक चाकूने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटणार हे त्यांना ठाऊक असतं. साधं पोलाद १५ अंशांवर लावलं, तर २५ अंशांवर ठेवलेल्या महागड्या पोलादाला ते बहुतेक वेळा मागे टाकतं. हे दुकानदार सांगणार नाही, कारण कोन विकता येत नाही.

आता पोलाद. शेंगदाण्याची चिक्की डोळ्यांपुढे आण. गूळ म्हणजे लोखंडाचा मूळ पिंड, शेंगदाणे म्हणजे त्यातले कार्बाइडचे कण. कण पिंडापेक्षा कितीतरी कडक असतात, म्हणून पुठ्ठा कापताना धार झिजत नाही. पण दाणा मोठा आणि नेमका कडेला आला की तिथेच टवका उडतो. आपण टूलरूममध्ये ज्याला एचसीएचसीआर म्हणतो तेच डी-टू. त्यात कार्बन दीड टक्का, क्रोमियम बारा टक्के, आणि दाणे चांगले टपोरे. पत्रा कापणाऱ्या पंचाला ते उत्तम, तिथे धारेचा कोन काटकोनाजवळ असतो. खिशातल्या चाकूची धार त्यामानाने कागदासारखी पातळ. स्वस्त चाकूंवर हल्ली डी-टू सर्रास दिसतं. वाईट नाही, पण बारीक कोन लावून लाकडाच्या गाठीवर दाबलंस तर धारेला दात पडतील.

दाणे बारीक करायचे तर पोलादाची भुकटी करावी लागते. वितळलेल्या रसाच्या धारेवर जोराचा वायू मारतात, थेंबांची पूड होते, ती डब्यात बंद करून प्रचंड दाबाखाली आणि तापमानात पुन्हा सलग करतात. प्रत्येक थेंब क्षणात गोठल्यामुळे कणांना वाढायला सवडच मिळत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजची क्रूसिबल कंपनी यात जुनी. पात्यावर सीपीएम ही अक्षरं दिसली की समजायचं, भुकटीचं पोलाद आहे. त्यांनी २००१ साली एस-३०-व्ही काढलं ते खास चाकूंसाठी, आणि त्यात क्रिस रीव्ह या चाकू घडवणाऱ्याचा सल्ला होता. १४ टक्के क्रोमियम, ४ टक्के व्हॅनेडियम. २००९ साली त्यातलं एक टक्का व्हॅनेडियम कमी करून अर्धा टक्का नायोबियम घातलं, की झालं एस-३५-व्हीएन. धार टिकण्यात किंचित उणं, चिवटपणात थोडं सरस, आणि लावायला सोपं. दोन्हींतलं एक निवडायचं झालं तर मी दुसरं घेईन.

यादीत एम-३९०, २०-सीव्ही आणि २०४-पी ही तीन वेगळी पोलादं म्हणून लिहिलीयस. ती एकच आहेत असं धरून चाल. पहिलं ऑस्ट्रियाच्या बोलरचं, दुसरं क्रूसिबलचं, तिसरं कार्पेंटरचं. घटक जवळजवळ तेच, कार्बन १.९ आणि क्रोमियम २० टक्के. पुठ्ठ्याची खोकी रोज फोडणाऱ्याला, आणि धार लावायचा कंटाळा असणाऱ्याला, हे सोयीचं. तिघांच्या किमतीत फरक असला तर तो चाकूच्या मुठीचा आणि नावाचा.

मॅग्नाकटबद्दल मात्र नीट ऐक, कारण त्यात मला खरंच काहीतरी नवं दिसलं. २०२१ साली आलं. लॅरिन थॉमस या धातुशास्त्रज्ञाने बेतलेलं. क्रोमियम फक्त १०.७ टक्के, म्हणजे डी-टूपेक्षाही कमी, आणि तरी गंजाला दाद न देण्यात एस-३०-व्हीहून सरस. कसं? डी-टूमधलं बरंचसं क्रोमियम कार्बनशी जोडी जमवून दाण्यांत अडकून बसतं, गंज अडवायला पिंडात मोकळं थोडंच उरतं. थॉमसने कार्बन आणि क्रोमियम असं मोजून-मापून कमी केलं, वर नायट्रोजन घातलं, की पाणी दिल्यानंतर क्रोमियमचे दाणे उरतच नाहीत. कार्बन व्हॅनेडियम आणि नायोबियमकडे जातो, त्यांचे कण बारीक आणि जास्त कडक. क्रोमियम मोकळं राहून आपलं गंजाचं काम करतं. म्हणून नुसता टक्का बघून कोणतं पोलाद गंजेल हे ठरवू नकोस. आमच्या पिढीने तेच केलं. तुझ्या बजेटात बसत असेल तर हेच घे. ते बनवणाऱ्या क्रूसिबलने २०२४च्या अखेरीस दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यावरून घाबरून दुप्पट दाम मोजू नकोस.

आणि बसत नसेल तर? स्वीडनचं १४-सी-२८-एन. सँडविकने काढलेलं. कार्बन जेमतेम ०.६२ टक्के, क्रोमियम १४. भुकटी वगैरे काही नाही, मुळातच दाणे इतके बारीक की गरज नाही. धार लवकर उतरते, पण साध्या निसण्यावर दहा-पाच हातांत परत येते. हातात पहिलाच चाकू घेणाऱ्याला मी हेच देईन, मग तो कितीही पैसेवाला असो.

पाणी देण्याचं आता. एकच पोलाद एकाकडून रॉकवेल ५८ला येतं, दुसऱ्याकडून ६२ला. महाग पोलाद नरम ठेवलं तर धार तुटत नाही, वळते, आणि तू पोलादाला शिव्या देतोस. कडकपणाचा आकडा जो कारखाना छापतो त्याच्याकडून घे. दुसरं म्हणजे, नव्या चाकूची पहिली धार फसवी असते. कारखान्यात पट्ट्यावर घाईत घासताना कडेचा केसभर भाग तापून नरम पडलेला असू शकतो. दोनतीनदा हाताने धार लाव, खालचा ताजा धातू वर येऊ दे, मग मत बनव. याच कारणासाठी सायकलवरच्या धारवाल्याकडे असलं पातं द्यायचं नाही. त्याचं कोरडं चाक विळीला ठीक. पातळ धार तुला रंग दिसायच्या आत तापलेली असते.

निसण्याचंही ऐकून ठेव. व्हॅनेडियमचे कार्बाइड सुमारे २८०० व्हिकर्स कडक, आणि नेहमीचा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा दगड २१००च्या आसपास. म्हणजे दगड आजूबाजूचा पिंड खरवडतो आणि कण तसाच राहतो. एस-९०-व्हीमध्ये व्हॅनेडियम ९ टक्के आहे. त्याला हिऱ्याची प्लेटच हवी. ती घ्यायची तयारी नसेल तर तो चाकू यादीतून खोड. कुठल्याही प्लेटवर एका बाजूला घासत राहा, दुसऱ्या बाजूला नखाला बर, म्हणजे कडेवर वळलेली धातूची बारीक किनार, लागेपर्यंत. बर आलाच नाही तर धार कडेपर्यंत पोचलेली नाही. आल्यावर बाजू बदल, मग हात हलका करत करत तो काढून टाक. न काढलेला बर सुरुवातीला वस्तऱ्यासारखा कापतो आणि दुसऱ्या खोक्याला मोडून पडतो. ‘धार टिकत नाही’ या तक्रारीत निम्म्या वेळा हेच निघतं.

शेफील्डच्या काट्रा यंत्राचे आकडे लोक तोंडावर फेकतील. ते यंत्र वाळू मिसळलेला कार्ड-कागद कापत राहतं आणि किती कापला ते मोजतं. झीज मोजायला चोख. टवका उडणं आणि गंज त्यात येत नाहीत. लिंबू चिरून चाकू तसाच मिटला तर काय होतं हेही येत नाही.

राहिलं एम-फोर हे पोलाद. हायस्पीड स्टीलच्या घराण्यातलं, टंगस्टन साडेपाच टक्के, माझं जुनं प्रेम. पण स्टेनलेस नव्हे. तुमच्या कोलोरॅडोच्या कोरड्या हवेत तेलाचं बोट फिरवलं की भागेल. स्पायडर्को या चाकूवाल्या कंपनीचा कारखाना तुझ्या गोल्डनमध्येच आहे, तिथे जाऊन चाकू हातात धरून बघ. मूठ बोटांना रुतत असेल तर पोलाद विसर. तीन इंचाचं पातं पुरे. साडेतीन इंचांहून लांब पातं लपवून बाळगणं तुमच्या राज्यात गुन्हा आहे, आणि शहरांचे नियम त्याहून कडक असू शकतात. विमानात चेक-इन बॅगेत टाक. जुलैत, इकडच्या पावसात घरी येणार असशील तर एम-फोर तिकडेच ठेव, स्वीडनवालं आण.