छावणीची कुऱ्हाड



सन १९०७ मध्यें इंग्लंडांतील ब्राउन्सी बेटावर बेडन-पॉवेल यांनीं मुलांची छावणी भरविली, आणि तेथून बालवीरांच्या छावण्यांची परंपरा सुरू झाली. छावणी म्हटली कीं तंबूच्या मेखा आल्या, सरपण आलें, आणि त्यांबरोबर कुऱ्हाडही आली. परंतु तांदूळ-डाळ जितकी निरखून घेतो तितकी कुऱ्हाड कोणी निरखीत नाहीं. घरीं कोपऱ्यांत असेल ती उचलावयाची, हाच प्रघात. त्याचें फळ मीं स्वतः पाहिलें आहे. तें लपविण्यासारखें नाहीं, म्हणून आरंभींच सांगतों.

एका छावणींत कुऱ्हाडीचा दांडा सैल असल्याचें सायंकाळीं माझ्या ध्यानांत आलें. मीं ती रात्रभर पाण्यांत ठेवविली. सकाळीं दांडा घट्ट बसला व माझें समाधान झालें. दोन प्रहरीं एक मुलगा लाकडें फोडीत असतां पातें निसटलें आणि दुसऱ्या मुलाच्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनींत रुतलें. इजा कोणास झाली नाहीं, ही देवाची कृपा. दोष कुऱ्हाडीचा नव्हता, माझा होता. पाण्यानें फुगलेलें लाकूड पात्याच्या नेढ्यांत दाबलें जाऊन त्याचे तंतू चेंगरतात. उन्हानें तें वाळलें म्हणजे पूर्वीपेक्षांही सैल होतें. दांडा पुन्हा नीट बसवून कठीण लाकडाची पाचर ठोकणें हाच खरा उपाय होय. दांड्यांतून निसटलेल्या कुऱ्हाडीनें शेजाऱ्याचा प्राण गेल्यास काय करावें, याचा नियम जुन्या करारांतील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायांत आहे. इतका हा धोका पुरातन आहे.

आतां निवडीविषयीं. मुलांसाठीं पातें सुमारें ६०० ग्रॅम, म्हणजे सव्वा पौंडाच्या आसपास असावें. दांडा धामणीच्या लाकडाचा उत्तम. तें चिवट असून हादरा सोसतें. टोकाकडून पाहतां लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेनें जाणाऱ्या असाव्या. आडव्या असल्यास दांडा मोडण्याचें भय असतें. रंगविलेला दांडा घेऊं नये, कारण रंगाखालीं चिरा व गांठी लपतात. धारेवर कानस हलकेंच ओढून पाहावी. ती किंचित् अडकत चालली तर पोलादास पाणी योग्य दिलें आहे. नुसतीच घसरली तर पातें फार कठीण, त्याचे टवके उडतील. खोल चावली तर तें मऊ, त्याची धार वळेल.

बोथट कुऱ्हाड निरुपद्रवी असते ही समजूत खोटी आहे. तीक्ष्ण धार लाकडांत शिरते. बोथट धार घसरून पायावर येते. धार प्रथम कानशीनें व मग पाणी टाकून बारीक दगडावर, दोन्ही बाजूंनीं सारखी लावावी. फिरत्या दगडावर पातें कोरडें धरूं नये. धार तापून निळी पडली कीं पोलादाचें पाणी उतरलें असें समजावें.

आंखूड दांड्याची कुऱ्हाड चुकली तर घाव गुडघ्याकडे येतो. म्हणून गुडघे टेकून, लाकूड ओंडक्यावर ठेवून काम करावें. कुऱ्हाडीसह हात लांब केला असतां जेवढें अंतर होतें, त्याच्या दुपटींत कोणासही उभें राहूं देऊं नये. पात्याच्या पाठीनें लोखंडी मेखा ठोकूं नयेत; नेढें पसरतें. काम थांबतांच पातें चामड्याच्या म्यानांत घालावें. रात्रीं तें पुसून तेलाचा हात द्यावा, दांड्यास जवसाचें तेल चोळावें, आणि कुऱ्हाड शेकोटीपासून दूर ठेवावी.

पालकांस एक विनंती. मुलाच्या हातीं कुऱ्हाड देण्यापूर्वी आपण ती एकदां हलवून पाहावी. पातें किंचितही हललें तर ती घरींच राहूं द्यावी. वाळक्या काटक्या वेंचूनही छावणीचा भात शिजतो.

आणि मुलांनो, वडील माणसानें ‘चालेल’ म्हटलें तरी तुम्ही स्वतः पाहा, व शंका आल्यास नम्रपणें पण स्पष्ट बोला. त्या दिवशीं सकाळीं मींही ‘चालेल’ असेंच म्हटलें होतें.